विकणाऱ्याने सावध असावे

माझ्या एका वर्गमित्राने गेल्या हंगामात आपला जुना मोबाईल विकायला काढला आणि त्यात त्याचे २४,९९७ रुपये गेले. मोबाईल विकत घ्यायला निघाला असता आणि पैसे बुडाले असते, तर ते कोणालाही चटकन समजले असते. हा तर विकायला निघाला होता. पैसे यावयाचे होते ते गेले, आणि मोबाईल मात्र शेवटपर्यंत त्याच्याच खिशात राहिला! ही हकीकत प्रथम ऐकली तेव्हा मलाही हसू आले होते, हे कबूल करतो. पुढचे ऐकल्यावर ते हसू ओठांवरच विरले.

घडले ते असे. त्याने हप्त्यावर नवा फोन घेतला होता. जुना फोन चांगला चालत होता, फक्त काचेच्या एका कोपऱ्याला तडा गेलेला होता. दुकानदाराने बदलीत त्याचे अडीच हजार देऊ केले. याला वाटले, पाच-साडेपाच हजार सहज मिळतील. म्हणून जुन्या वस्तूंची खरेदी-विक्री चालणाऱ्या एका संकेतस्थळावर त्याने फोनचे चार फोटो टाकले, किंमत साडेपाच हजार लिहिली आणि खाली आपला नंबर दिला. अर्ध्या तासात फोन आला. बोलणारा हिंदीत बोलत होता, फार अदबीने बोलत होता. म्हणाला, मी सैन्यात आहे, पुलगावला नेमणूक आहे, भावासाठी फोन हवा आहे. लगोलग गणवेशातला फोटो आणि ओळखपत्राचे चित्रही आले. किंमत त्याने एका शब्दात मान्य केली. "माणूस उद्या येऊन घेऊन जाईल, पैसे मात्र आत्ताच पाठवतो," असे म्हणून त्याने आधी खात्री पटावी म्हणून पाच रुपये पाठवले. ते पाच रुपये खरोखरच जमा झाले. मग एक क्यूआर कोडचे चित्र आले. "हे स्कॅन करा, पिन टाका, पैसे तुमच्या खात्यात येतील." मित्राने विकायला काढलेल्या त्याच जुन्या फोनच्या पडद्यावर ते चित्र उघडले आणि नव्या फोनने टिपले. पिन टाकला. ४,९९९ रुपये वजा झाले. समोरचा म्हणाला, "अरे, चुकून उलटे झाले, परत करतो, हे दुसरे स्कॅन करा." ९,९९९ गेले. "सिस्टिम अडकली आहे, आता एकदम सगळे परत येतील." आणखी ९,९९९ गेले. त्यानंतर तो नंबर लागला नाही.

ते पैसे त्याचे नव्हते. वडिलांच्या खात्यावर पीककर्ज थकलेले; त्यात जमा झालेला पैसा कर्जात वळता होईल या भीतीने व्यापाऱ्याने दिलेले कापसाचे पैसे मुलाच्या खात्यात घेतले होते. आपल्या मारेगाव-वणीकडच्या किती घरांत असे चालते, हे वाचकांना मी सांगायला नको. त्या दिवसांतल्या खाजगी भावाने पाहिले तर सुमारे साडेतीन क्विंटल कापूस, तीन क्यूआर कोडांत, दहा मिनिटांत गेला. आणि सर्वांत वाईट म्हणजे हा मुलगा अकरा दिवस कोणाशी एक शब्द बोलला नाही. वर्गात येत होता, डबा खात होता, आणि गप्प बसत होता.

त्या अकरा दिवसांमुळेच मी हा लेख लिहीत आहे.

माझे आजोबा बैलाचे चांगले पारखी होते. बैलबाजारात त्यांच्याबरोबर लहानपणी गेलो आहे. तिथे व्यवहार कसा होतो हे ज्याने पाहिले आहे, त्याला मी काय म्हणतो ते लगेच कळेल. घेणारा आधी बैलाचे दात पाहतो. त्याला चालवून पाहतो, खांदा दाबून पाहतो, शेपटी धरून पाहतो. मग भाव. पूर्वी तो रुमालाखाली बोटे धरून होई. घेणारा निम्म्यावरून सुरुवात करतो, विकणारा "बाप्पा, हे काय बोलता" म्हणतो, मध्ये दलाल दोघांचेही हात धरून ठेवतो. मग इसार. इसार घेणारा देतो, विकणारा तो मोजून खिशात घालतो. मग बाजाराची पावती होते, त्यात दोघांची नावे, गावे, जनावराचे वर्णन आणि रक्कम. आणि हे सगळे झाल्यावर बैल दुसऱ्याच्या हाती जाताना आजोबा आपला कासरा सोडून घेत. बैल विकला, कासरा विकला नाही, असे ते म्हणत. त्यामागे घरातली लक्ष्मी जाऊ नये अशी काही समजूत होती. मला तेव्हा ती भाबडी वाटे. आता वाटत नाही. कारण पुढे सांगतो.

या सगळ्या रीतीत एक गोष्ट गृहीत आहे, ती अशी की फसण्याचे भय घेणाऱ्याला आहे. खोड लपवून बैल गळ्यात मारणारा विकणारा असतो, म्हणून घेणाऱ्याने डोळे उघडे ठेवावेत. आपला कायदाही मुळात याच धारणेवर उभा आहे. वस्तू-विक्री अधिनियम १९३० सालचा; त्याच्या सोळाव्या कलमाचा आधार "घेणाऱ्याने सावध असावे" हे जुने तत्त्व आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये नव्याने झाला, तोही नावाप्रमाणेच ग्राहकाकडे पाहतो. घरातली एक जुनी वस्तू विकणाऱ्या गरीब माणसाचे रक्षण करावे लागेल, ही कल्पना शंभर वर्षांपूर्वी कोणाच्या मनात येणार? विकणाऱ्याला भय ते कसले? फार तर नोट खोटी निघेल.

इंटरनेटवरच्या बाजाराने हा क्रम उलटा केला. ओएलएक्सची स्थापना २००६ सालची, क्विकर २००८ चे, आणि फेसबुकने आपला बाजार भारतात २०१७ साली उघडला. या बाजारांनी सोय केली, हे नाकारण्यात अर्थ नाही. मारेगावच्या मुलाला आपल्या फोनचे गिऱ्हाईक वणीत, चंद्रपुरात, नागपुरात शोधता येते. परंतु इथे घेणारा तुमचे नाव, नंबर, गाव, वस्तू आणि अडचण सगळे पाहतो, आणि तुम्ही त्याचे काहीच पाहत नाही. दलाल नाही, साक्षीदार नाही, पावती नाही. आणि आपण मात्र अजून बैलबाजाराच्याच समजुतीने वागतो: माल माझा आहे, मला कसली काळजी!

माझा मित्र मूर्ख होता असे कोणी म्हणेल. म्हणणाऱ्यांनी दिल्लीचा प्रसंग आठवावा. फेब्रुवारी २०२१ मध्ये दिल्लीच्या तत्कालीन मुख्यमंत्र्यांच्या कन्येने जुना सोफा असाच एका संकेतस्थळावर विकायला ठेवला. घेणाऱ्याने आधी थोडी रक्कम पाठवून विश्वास मिळवला, मग क्यूआर कोड पाठवला. २०,००० रुपये गेले. "चुकीचा कोड पाठवला गेला" म्हणून दुसरा कोड आला आणि आणखी १४,००० गेले. उच्चशिक्षित घर, राजधानीचे शहर, हाताशी पोलिस. आणि युक्ती तीच, अक्षरशः तीच. तेव्हा हा प्रश्न शिक्षणाचा नाही. रिझर्व्ह बँकेला २०२२ मध्ये 'राजू आणि चाळीस चोर' अशा अर्थाच्या नावाची चित्रांची पुस्तिका काढावी लागली, त्यात फसवणुकीच्या चाळीस तऱ्हा सांगितल्या आहेत. अलिबाबाच्या गोष्टीत चोर निदान गुहेत राहत होते.

युक्तीचे मर्म एवढेच आहे. यूपीआय ही पद्धत २०१६ साली सुरू झाली. तिच्यात पिन हा पैसे देण्यासाठी असतो. घेण्यासाठी पिन लागत नाही, काही टिपावे लागत नाही, कुठलीही कळ दाबावी लागत नाही. चहावाल्याच्या टपरीवर लावलेला कोड आपण स्कॅन करतो तेव्हा पैसे कोणाचे जातात? आपले. चहावाला आपला कोड कधी स्कॅन करतो का? रोज दहा वेळा हे करणारा मुलगाही त्या घटकेला हे विसरतो, कारण समोरचा त्याला विचार करायला उसंत देत नाही, आणि आधी आलेल्या पाच रुपयांनी त्याची शंका विकत घेतलेली असते. इसार देणारा इसार देतो. घेणाऱ्याला पिन टाकावा लागला तर तो इसार नव्हे.

पूर्वी या चोरांना आणखी एक दार होते. ते तुमच्या फोनवर 'पैशांची मागणी' पाठवीत आणि तुम्ही ती 'पैसे आले' समजून मान्य करीत. नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने व्यक्ती-व्यक्तींमधील अशी मागणी १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद केली. चांगले झाले. परंतु क्यूआर कोडचे दार बंद करता येत नाही, कारण त्या दारानेच सारा देश चहा पितो.

सैनिकाचा गणवेश का, असेही मला वाटले. माझ्या समजुतीप्रमाणे उत्तर सोपे आहे. आपल्या तालुक्यातली कितीतरी मुले पहाटे रस्त्याने धावतात ती भरतीसाठीच. त्या गणवेशावर शंका घेणे आपल्याला पाप वाटते. चोराने आपली श्रद्धा नेमकी हेरली. दुसरी खूण अशी की त्याने भाव केला नाही. बैलबाजारात जो घासाघीस न करता हो म्हणतो त्याच्याकडे सगळे वळून पाहतात. माझ्या मित्राने हाच आपला विजय मानला!

आता पैसे गेल्यावर काय? इथे एक गोष्ट फारच थोड्यांना ठाऊक आहे. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे, बँकेच्या दोषाने पैसे गेले, किंवा तिसऱ्याच कोणाच्या दोषाने गेले आणि ग्राहकाने तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले, तर त्याच्यावर बोजा येत नाही. परंतु ग्राहकाच्या स्वतःच्या हयगयीने गेले असतील, तर बँकेला कळवीपर्यंतचे सारे नुकसान त्याचे, कळवल्यानंतरचे बँकेचे. स्वतःच्या हाताने पिन टाकलेला माणूस कोणत्या रकान्यात बसतो, हे सांगणे नको. म्हणजे या खेळात चोर तुमच्या हाताने चोरी करवून घेतो, आणि त्यामुळे नुकसानही कायद्याने तुमच्याच पदरात टाकतो.

अशा वेळी उपयोगी पडते ती एकच गोष्ट, घाई. १९३० हा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे. (वस्तू-विक्रीचा कायदा १९३० चा आणि फसलेल्या विक्रेत्याचा नंबरही १९३०, योगायोगच, पण लक्षात ठेवायला बरा.) तिथे तक्रार गेली की पैसा ज्या खात्यात गेला त्या बँकेपर्यंत संदेश जातो आणि रक्कम अजून तिथे असेल तर ती अडकवता येते. चोर मात्र ती एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात फिरवीत असतो. मिनिटांची शर्यत आहे. माझ्या मित्राने अकराव्या दिवशी फोन केला. त्याची तक्रार नोंदवली गेली, क्रमांक मिळाला. पुढे काही मिळाले नाही.

तो गप्प का बसला? हसतील म्हणून. आपण हसतोच. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ६६-ड कलम अशा तोतयेगिरीला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड सांगते. भारतीय न्याय संहितेत फसवणुकीचे कलम ३१८ आहे. (१ जुलै २०२४ पासून दंडविधानातले ४२० जाऊन हे ३१८ आले, पण 'चारसोवीस' हा शब्द काही मराठीतून जाईल असे दिसत नाही.) ही सगळी कलमे, हा मदत क्रमांक, हे सारे तक्रार झाल्यावर चालू होते. आणि तक्रारीच्या आड आपले हसू उभे असते. २०२५ च्या पूर्वार्धात कोणालाही फोन लावला की आधी अमिताभ बच्चन यांचा सावधगिरीचा इशारा ऐकावा लागे, आणि आपण सगळे त्याला कंटाळलो होतो. इतका मोठा आवाज कानात असूनही माणसे फसली. मला वाटते, "सावध राहा" हे सांगून झाले. "फसलास तर तासाभरात सांग, कोणी रागावणार नाही" हे कोणी सांगितलेले नाही. ते घरात सांगावे लागते, वर्गात सांगावे लागते.

पैशाची गोष्ट इथवर. परंतु फोन विकण्यात पैशाहून मोठे असे एक भय आहे, आणि विशेषतः आपल्या वर्गभगिनींनी ते ध्यानात घ्यावे. जुना फोन म्हणजे केवळ यंत्र नव्हे. त्यात तुमच्या घरातल्या लग्नाचे फोटो आहेत, मैत्रिणींशी झालेली बोलणी आहेत, आधार कार्डाचे चित्र आहे, आईच्या पासबुकाचे पहिले पान आहे. हे सगळे पुसून टाकले की संपले, असे आपण समजतो. पुसणे म्हणजे बहुधा ग्रंथाच्या आरंभीची अनुक्रमणिका फाडणे. पाने आतच असतात. त्यांच्यावर दुसरे काही छापले जाईपर्यंत जाणकाराला ती वाचता येतात.

हे काही नवे ज्ञान नाही. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेच्या सिम्सन गारफिंकल आणि अभि शेलाट या दोन विद्यार्थ्यांनी संगणकाच्या १५८ जुन्या हार्ड डिस्क बाजारातून विकत घेतल्या आणि आपले निष्कर्ष २००३ साली प्रसिद्ध केले. १२९ चालू होत्या. त्यांपैकी नीट पुसलेल्या निघाल्या फक्त १२. बाकीच्यांत पाच हजारांहून अधिक क्रेडिट कार्डांचे क्रमांक सापडले. एक डिस्क तर बँकेच्या पैसे काढण्याच्या यंत्रातली असावी असे दिसले. पुढे २०१४ साली अवास्ट या कंपनीने इंटरनेटवरून २० वापरलेले अँड्रॉइड फोन घेतले. विकणाऱ्यांनी ते पुसूनच विकले होते. त्यांतून चाळीस हजारांवर फोटो परत काढता आले, आणि त्यांत स्त्रियांची खाजगी छायाचित्रे शेकड्यांनी होती. कोणी विकली ती छायाचित्रे? कोणीच नाही. विकला होता तो फोन.

इथे मला आजोबांचा कासरा आठवतो. फोन द्यावा, कासरा देऊ नये.

कासरा सोडवून घ्यायचा कसा, हेही सांगतो, कारण भय दाखवून थांबणे मला पसंत नाही. अलीकडच्या बहुतेक फोनांत माहिती कुलूपबंद, कूटरूपात साठवलेली असते. अशा फोनला 'फॅक्टरी रीसेट' केले की त्या कुलपाची किल्लीच नष्ट होते, आणि मागे उरते ती निरर्थक अक्षरांची रास. म्हणजे २०१४ पेक्षा आज स्थिती पुष्कळ बरी आहे. मात्र रीसेट करण्याआधी फोनमधून आपले गूगल खाते काढून टाकले पाहिजे. हे पुष्कळजण विसरतात. मग काय होते? नवा मालक फोन सुरू करतो, तर फोन जुन्या मालकाचे खाते आणि पासवर्ड मागतो. चोरीचा फोन चालू नये म्हणून ती सोय केलेली असते. नवा मालक तुम्हाला फोन करतो, "दादा, पासवर्ड सांगा ना," आणि तुम्ही माणुसकीने सांगून टाकता. झाले! गूगलचा पासवर्ड म्हणजे घराची किल्ली. तुमची मेल, फोटो, बाकीचे सगळे पासवर्ड बदलण्याचा मार्ग, सारे त्या एका शब्दामागे आहे. तेव्हा आधी खाते काढा, व्हॉट्सॲप नव्या फोनवर चालू झाले याची खात्री करा, पैशांचे ॲप काढा, मेमरी कार्ड आणि सिम काढून घ्या, मग रीसेट करा. मेमरी कार्ड फोनबरोबर फुकट देण्याचा जो उदारपणा आपल्याकडे आहे तो कृपया सोडावा. कार्ड रीसेटने आपोआप कोरे होतेच असे नाही.

आणि बिघडलेला फोन? ज्याचा पडदाच लागत नाही, त्याला रीसेट कसे करणार? खरा धोका मला तिथेच दिसतो. असा फोन इंटरनेटवर कोणी घेत नाही. तो गावात मोटारसायकलवर भोंगा लावून येणाऱ्या माणसाला जातो. "जुने, बंद पडलेले मोबाईल द्या, भांडी घ्या." आया-बहिणी एक टोपले घेतात आणि खोक्यात पडलेले दोन फोन देऊन टाकतात. ऑगस्ट २०२४ मध्ये तेलंगणातल्या गोदावरीखणी इथे पोलिसांनी बिहारच्या तिघांना पकडले. त्यांच्याजवळच्या पोत्यांत सुमारे चार हजार जुने फोन होते, गावोगाव फिरून गोळा केलेले. हे फोन झारखंडातल्या जामताडाकडच्या सायबर चोरांना पुरवले जात होते, असे पोलिसांचे म्हणणे. गोदावरीखणी ही आपल्या वणीसारखीच कोळशाच्या खाणींची वस्ती, आणि तेलंगण आपल्या जिल्ह्याला लागून. तो भोंगा आपल्या गल्लीत येतच नाही असे कोण म्हणेल? सगळेच भंगारवाले चोर, असे मला मुळीच म्हणायचे नाही. बहुतेकजण पोटासाठी उन्हातान्हात फिरतात. परंतु आपल्या फोनचे पुढे काय होते हे त्यांनाही ठाऊक नसते.

चोरांना जुना फोन कशाला हवा, असे कोणी विचारील. प्रत्येक फोनला पंधरा आकड्यांचा एक आयएमईआय क्रमांक असतो, बैलाच्या कानातल्या बिल्ल्यासारखा. त्या फोनमध्ये कोणते सिम कधी होते याची नोंद कंपन्यांकडे राहते. फोन गुन्ह्यात वापरला गेला की पोलिस त्या क्रमांकावरून मागे मागे जातात, आणि मागे सापडता तुम्ही. "मी तर तो फोन विकला होता." कोणाला? "नाव माहीत नाही." कधी? "दिवाळीच्या आसपास." काही कागद? कागद नाही. बैल विकताना पावतीशिवाय न हलणारे आपण, फोन विकताना कागद मागायला लाजतो. वहीचे अर्धे पान पुरते: दोघांची नावे, गाव, तारीख, आयएमईआय, रक्कम, दोन सह्या. मूळ बिल देत असाल तर त्यावर 'विकला' असे लिहून तारीख टाकावी. आधारची झेरॉक्स मात्र मागूही नये आणि देऊही नये. तो दुसऱ्याच संकटाचा दरवाजा आहे.

घेणाऱ्यालाही याच क्रमांकाचा आधार आहे. स्टार-हॅश-शून्य-सहा-हॅश दाबले की तो पडद्यावर दिसतो. 'केवायएम' ही तीन इंग्रजी अक्षरे, एक जागा सोडून तो क्रमांक, असा संदेश १४४२२ वर पाठवला की फोनची माहिती येते. दूरसंचार विभागाचे 'संचार साथी' हे संकेतस्थळ २०२३ पासून हेच काम करते, आणि हरवलेला फोन देशभर बंद करण्याची सोयही तिथेच आहे. चोरीचा माल चोरीचा आहे हे ठाऊक असून किंवा तसे मानायला जागा असून घेणे हा न्याय संहितेच्या ३१७ व्या कलमाने गुन्हा आहे. निम्म्या किमतीत बिलाशिवाय मिळणारा फोन घेताना हे स्मरणात असू द्यावे.

मग जुन्या वस्तू विकूच नयेत काय? तसे मी म्हणत नाही. म्हणण्याचा मला अधिकारही नाही, कारण हा लेख मी ज्या फोनवर टिपून ठेवला तो दुसऱ्याच्याच हातचा आहे. आपल्यापैकी निम्म्या मुलांचा पहिला फोन जुनाच असतो. दुकानदार अडीच हजार देतो आणि बाजारात साडेपाच मिळतात. मधले तीन हजार म्हणजे महिन्या-दोन महिन्यांची खोली आणि मेस. त्या तीन हजारांच्या ओढीनेच विद्यार्थी अनोळखी माणसाशी बोलतो. त्याला लोभी म्हणणे सोपे आहे, पण ते खरे नाही.

म्हणून माझी एक सूचना आहे, प्राध्यापक महोदयांनी आणि विद्यार्थी मित्रांनी तिचा विचार करावा. आपल्या ग्रंथालयात एक जाड वही ठेवावी. ज्याला जुनी पुस्तके, सायकल, फोन, कॅल्क्युलेटर विकायचा आहे त्याने तिच्यात लिहावे. ज्याला घ्यायचे आहे त्याने तिथेच पाहावे, वस्तू हाताळावी, भाव करावा, आणि व्यवहार ठरला की त्याच वहीत दोघांनी सह्या कराव्यात. पैसे रोख, नाहीतर विकणाऱ्याने आपल्या खात्यातली शिल्लक स्वतः उघडून पाहावी. समोरच्याने दाखवलेला 'पैसे पाठवले' असा फोटो पाहून वस्तू देऊ नये. तसले फोटो बनवता येतात. ही वही काही क्रांती करणार नाही. मारेगावात फोनला नागपूरचा भाव येणार नाही, हेही खरे. कोणाला बाहेर विकायचेच असेल तर त्याने दिवसाढवळ्या, वर्दळीच्या हॉटेलात, बरोबर एकाला घेऊन भेटावे, आणि "माणूस पाठवतो, आधी पैसे घ्या" म्हणणाऱ्याला नमस्कार करावा. वहीचा मोठा फायदा मला दुसराच दिसतो. चार जणांदेखत केलेल्या व्यवहारात कोणी फसला तर ते चार जणांना तिथल्या तिथे कळते, अकरा दिवस लागत नाहीत.

मित्राने शेवटी वडिलांना सांगितले तेव्हा मी बरोबर होतो. तसे त्याने मला बळेच नेले होते. वडील ओट्यावर बसून सरकी निवडत होते. त्यांनी सगळे ऐकून घेतले. किती गेले ते दोनदा विचारले. मग बराच वेळ काही बोलले नाहीत. मला वाटले, आता हात उगारतील.

"बैल इकाचा असता त मी सोबत आलो असतो ना, बापू," ते म्हणाले. "मले सांगाचं होतं."

तो फोन पुढे पहिल्या वर्षाच्या एका मुलाने चार हजारांना घेतला. व्यवहार रस्त्यावरच्या हॉटेलात झाला, कागदावर साक्षीदार म्हणून माझी सही आहे. फोनचे खाते काढलेले होते, मेमरी कार्ड मित्राच्या खिशात होते, आणि भाव करताना त्या मुलाने तड्यावर बोट ठेवून पाचशे रुपये कमी करवून घेतले.